एका फेऱ्यात दोन हिसके : जुन्या मारुती ८०० च्या ब्रेकच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

सकाळी पूजेसाठी गाडी धुतली, बोनेटला झेंडूची माळ बांधली आणि वडिलांना शेजारी बसवून जुळे सोलापूरहून सिद्धेश्वर मंदिराकडे निघालो. गाडी १९९८ ची मारुती ८००. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जी दोन पॅड चिमटीत धरतात) आणि मागे ड्रम ब्रेक (फिरणारे भांडे, ज्याला आतून दोन अर्धगोल शू दाबतात), मीटरवर ९४,३१२ किमी. आसरा चौकात गर्दी दिसली म्हणून हलकेच ब्रेक लावला, तेव्हा वेग वीसच्या खाली येताच गाडी पुढे-मागे हिसके देऊ लागली आणि थांबेपर्यंत ते हिसके मोजता येतील इतके सावकाश झाले. सात रस्त्याला पुन्हा तेच झाले. वडील म्हणाले, "गाडी कुंथतेय." याहून नेमके वर्णन मला आजवर सुचलेले नाही.

येताना होटगी रोडवर रस्ता मोकळा मिळाला तिथे पन्नासच्या वेगावरून जोरात ब्रेक दाबून पाहिला. वरच्या वेगात काहीही जाणवले नाही. थरथर आली ती शेवटच्या दहा-पंधरा मीटरमध्येच.

पहिला संशय धुण्यावर गेला. ओल्या डिस्कवर आणि ड्रममध्ये तासाभरात गंजाचा पातळ तांबूस थर धरतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकांत तो घासून निघून जातो, तोवर ब्रेक थोडे पकडतात. परंतु संध्याकाळपर्यंत पंचवीस किमी गाडी फिरली तरी हिसका तसाच राहिला. त्यामुळे वही उघडली आहे. पूर्वपीठिका एवढीच, की वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेमुळे आणि माझ्या शाळेच्या कामामुळे जून ते सप्टेंबर ही गाडी अंगणातच उभी होती. सप्टेंबरच्या शेवटी ती बाहेर काढताना मागचे एक चाक जागचे हलेना. तेव्हा गल्लीतल्या मिस्त्रीने दोन-चार हातोडे मारून ते सोडवले होते.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहाटे साडेपाचला, रस्त्यावर कोणी नसताना, एका वेळी एकच गोष्ट बदलून चाचण्या घेतल्या.

आधी इंजिनला बाजूला काढले. तीन सिलिंडरचे इंजिन कमी वेगात दुसऱ्या गिअरमध्ये ओढले की मुळातच थरथरते, आणि इंजिनाचे माउंटिंग बसले असेल तर ती थरथर ब्रेकचीच आहे असे वाटू शकते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून, नंतर गिअर तसाच ठेवून फक्त क्लच दाबून, असे दोन्ही प्रकारे ब्रेक लावून पाहिले. हिसका दोन्ही वेळा जसाच्या तसा होता, म्हणजे इंजिन निर्दोष. ब्रेक न लावता गाडी नुसती सरकत थांबू दिली तर हिसका नाही. म्हणजे वाकडी रिम किंवा टायरला आलेला फुगवटा हेही कारण नाही, कारण ते दोष ब्रेक लावण्याची वाट पाहत नाहीत.

मग हिसका शरीराला कुठे लागतो ते पाहिले. स्टिअरिंगवर फक्त दोन बोटे ठेवली होती. ते जवळजवळ स्थिर राहिले. पायाखाली पेडल हलकेच वर-खाली होत होते आणि सीट मागून कोणी ओढावी तशी ओढली जात होती. हे सर्व मी वहीत लिहिले आणि पुढे आठवडाभर त्याच्याकडे दुर्लक्ष केले, हेही इथे लिहून ठेवणे योग्य होईल.

शेवटी हिसके मोजले. टायर १४५/७० आर १२ आहेत. रुंदीच्या सत्तर टक्के म्हणजे १०१.५ मिमी ही टायरच्या भिंतीची उंची. ती दुप्पट करून १२ इंची रिमचे ३०४.८ मिमी मिळवले की व्यास ५०८ मिमीच्या जवळ येतो आणि परीघ सुमारे १.६ मीटर. ताशी २० किमीला चाक सेकंदाला साडेतीन फेरे घेते, ताशी ५ किमीला सेकंदाला एकही पूर्ण फेरा होत नाही. तेव्हा मोजायचे तर चालण्याच्या वेगात मोजावे. आमच्या गल्लीला थोडा उतार आहे. चारही टायर एकाच मापाचे असल्याने कोणत्याही चाकावर खूण चालली असती. मागच्या डाव्या टायरवर खडूने जाड रेघ ओढली, गाडी न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून उतारावर सोडली आणि पेडल हलके दाबून धरले. नववीत शिकणारी मुलगी शेजारून चालत होती. रेघ जमिनीला टेकली की तिने "खूण" म्हणायचे आणि हिसका बसला की मी "हं" म्हणायचे, असे ठरले. तिच्या प्रत्येक दोन "खुणां"मध्ये माझे दोन "हं" येत होते. चार वेळा केले, चारही वेळा दोनच.

एका फेऱ्यात दोन हिसके याचा अर्थ, ज्या पृष्ठभागावर ब्रेक घासतो त्यावर समोरासमोर दोन जागा अशा आहेत की ज्या बाकीच्यापेक्षा वेगळ्या आहेत. तो पृष्ठभाग डिस्कचा की ड्रमचा, हे मात्र यावरून ठरत नाही. वरच्या वेगात हिसका का जाणवत नाही, याचे उत्तर मात्र मिळते: ताशी ५० किमीला हेच हिसके सेकंदाला सतराहून अधिक होतात आणि एकमेकांत मिसळून जातात.

शेजारच्यांच्या नव्या गाडीलाही मंद वेगात ब्रेक लावताना पेडल थरथरण्याची तक्रार होती. तिथे चाकाजवळचा एबीएसचा (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर घाणीने माखला होता आणि चाक घसरते आहे अशी त्याची समजूत होत होती. आमच्या गाडीत एबीएसच नसल्याने त्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

गाडी गॅरेजला दाखवली. मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि "डिस्क आउट आहे" असे निदान करून दोन्ही डिस्कचे फेसिंग (लेथवर पृष्ठभाग सपाट करणे) व नवे पॅड सुचवले. पॅड तसेही संपत आले होते, म्हणून होकार दिला. दोन्ही मिळून दीड हजार रुपये झाले.

डिस्क "वाकते" असे सर्रास म्हटले जाते, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी फेऱ्यात कुठे कमी, कुठे जास्त झालेली असते. डिस्क किंचित डुलत असेल तर ब्रेक न लावतासुद्धा तिची तीच बाजू प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जाते आणि हजारो किमीनंतर तिथली जाडी घटते. किंवा तापलेल्या पॅडचे मटेरियल एका जागी चिकटून थर बसतो. जाडीतला मिमीच्या शंभराव्या हिश्श्याचा, एक-दोन शतांशांचा फरकही पायाला कळतो, कारण कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन तेवढाच मागे ढकलला जातो आणि ब्रेक ऑइलमार्फत तो धक्का पेडलपर्यंत पोहोचतो. नुसते डुलणे मात्र सरकता कॅलिपर बऱ्याच अंशी सांभाळून घेतो. त्यामुळे मिस्त्रींचे म्हणणे अशक्य कोटीतले नव्हते. माझी चूक अशी झाली की फेसिंग करण्याआधी मी डिस्क मोजून घेतली नाही. लेथवर चढलेल्या वस्तूची जुनी मापे नंतर कुणालाच मिळत नाहीत.

२० ऑक्टोबर, रविवार

हिसका होता तसाच आहे. एका फेऱ्यात दोन.

संध्याकाळी शेजारचे अण्णा आले. अण्णा गिरणी बंद पडेपर्यंत तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि त्यांचा डायल गेज (मिमीच्या शतांशाची हालचाल काट्यावर दाखवणारे माप) आजही मखमलीच्या डबीत असतो. आम्ही पुढचे एकेक चाक काढले, डिस्क हबवर नटांनी सारखी आवळली आणि गेजची टोकणी डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून थोडी आत टेकवून ती हाताने फिरवली. काटा डावीकडे ०.०४ मिमी आणि उजवीकडे ०.०५ मिमी हलला. साधारणपणे एक दशांश मिमीच्या आत असेल तर तक्रार करू नये. मायक्रोमीटरने आठ-आठ ठिकाणी जाडी घेतली, तिच्यात ०.०१ मिमीहून अधिक फरक कुठेच नव्हता. बॉल जॉइंट, रॅक एंड, लोअर आर्मचे बुश पहारीने हलवून पाहिले. स्टॅबिलायझर रॉडच्या रबरी बुशांना बारीक भेगा आहेत. या गाडीत लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचे काम तोच रॉड करतो, त्यामुळे ते बुश पूर्ण गेले तर ब्रेक लावताना चाकच पुढे-मागे सरकते आणि गाडी हादरते. आज तरी त्यांत ढिलाई नाही. बदलण्याच्या यादीत टाकले.

अण्णांनी वही मागितली, चष्मा कपाळावर सरकवून १३ तारखेचे पान वाचले आणि विचारले, "सर, स्टिअरिंग हलत नाही म्हणून तुम्हीच लिहिलंय की वो. मग पुढं कशाला शोधायलाय?"

मी निरुत्तर झालो. त्यानंतर त्यांनी सांगितलेली चाचणी पाच मिनिटांची आणि फुकटची होती. हँडब्रेक तारेने फक्त मागच्या दोन ड्रमवर चालतो, पायातल्या पेडलशी आणि पुढच्या डिस्कशी त्याचा संबंध नाही. मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किमी वेग घेऊन, पायाने पेडलला स्पर्श न करता, हँडब्रेकच्या टोकाचे बटण अंगठ्याने दाबून धरले, म्हणजे तो खटक्यात अडकणार नाही आणि केव्हाही सोडता येईल, आणि दांडा हळूहळू वर ओढला. दुसऱ्या-तिसऱ्या खटक्याएवढा ताण येताच तोच हिसका, तीच सीटखालची ओढ, अगदी शेवटपर्यंत. पुढची दोन्ही चाके चौकशीतून मोकळी झाली आणि दीड हजार रुपये पॅडच्या आयुष्यात जमा झाले.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आता दोन ड्रमपैकी कोणता, एवढाच प्रश्न होता.

गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, मागची डावी बाजू जॅकने उचलली आणि खाली स्टँड दिला. चाक आधी बारा आणि सहाच्या जागी धरून हलवले. बेअरिंगमध्ये ढिलाई नव्हती. मुलगी आत बसून हँडब्रेक एकेक खटका ओढत गेली आणि मी प्रत्येक खटक्याला चाक हाताने फिरवत गेलो. दुसऱ्या खटक्यापर्यंत चाक सैल फिरत होते. तिसऱ्याला ते काही अंशांपर्यंत सहज फिरले, मग तळहाताला स्पष्ट जाणवेल असे जड झाले, पुन्हा सुटले आणि अर्ध्या फेऱ्याने पुन्हा जड झाले. जड जागांवर खडूने खुणा केल्या. चाक तीन वेळा पूर्ण फिरवल्यावरही खुणांच्या जागा बदलल्या नाहीत आणि त्या दोन्ही व्हॉल्व्हपासून मोजल्या तर बरोबर समोरासमोर आल्या.

उजवे चाक चौथ्या खटक्याला सगळीकडे सारखेच जड झाले. दोषी डावा ड्रम.

सप्टेंबरमध्ये जे चाक अडकले होते तेही डावेच होते. हे मला आठवायला पंधरा दिवस आणि एक जॅक लागला.

२७ ऑक्टोबर, रविवार

ड्रम उघडला. या गाडीत मागच्या ड्रममध्येच बेअरिंग बसवलेली असतात, त्यामुळे मधली टोपी काढून, स्प्लिट पिन सरळ करून, खाचांचा नट सोडवल्यावर ड्रम बेअरिंगसकट बाहेर येतो. आमचा आला नाही. आत झिजेमुळे काठाशी तयार झालेल्या कंगोऱ्यात लायनर (शूवरचे घासणारे अस्तर) अडकत होते. हातोड्याऐवजी या वेळी पुलर लावला.

आतली धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकायची नाही, हा नियम आम्ही पाळतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसात गेले की तिथेच राहते. ओल्या फडक्याने पुसून घेतले आणि फडके पिशवीत बांधून टाकले.

पुसल्यानंतर ड्रमच्या आत जे दिसले ते पाहण्यासारखे होते. चकाकत्या करड्या पट्ट्यावर समोरासमोर दोन काळपट तपकिरी डाग होते आणि त्यांचा आकार थेट ब्रेक शूचा होता. वरची कड सरळ, खालची कड सरळ, लायनर जिथे संपतो तिथे नखाने कोरल्यासारखी रेघ. बोट फिरवले तर काही कळत नव्हते, पण नख आडवे ओढले की त्या रेघेवर ते अडखळत होते. चार महिने पावसाळ्यात हँडब्रेक ओढलेला होता, लायनरने ओल धरून ठेवली आणि लोखंडाने त्या दोन शूंचा ठसा घेतला. व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या नळीचे) रबर उचलून पाहिले, आत कोरडे आहे. ऑइल गळून लायनर भिजले असते तरीही ब्रेक असाच पकडला असता, म्हणून तेवढे पाहून घेतले.

आतला व्यास व्हर्निअरने मोजला. जबडे काठाच्या कंगोऱ्यापलीकडे नेऊन टेकवावे लागतात, नाहीतर कंगोराच मोजला जातो. नव्या ड्रमचा व्यास १८० मिमी असतो आणि कमाल १८२ मिमीपर्यंत चालतो. डाव्या ड्रममध्ये एका दिशेला १८०.७२ आणि तिच्या काटकोनात १८०.५० मिमी भरले. म्हणजे ०.२२ मिमीचा लांबटपणा. उजव्यात १८०.४६ ते १८०.५०.

हातोड्याने ड्रम लांबट झाला, असे गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणेलच. ओतीव लोखंड वाकण्याऐवजी तडकते, म्हणून तडा आहे का ते पाहिले. ड्रम टांगून पान्याने हलकेच ठोकला तर आवाज स्वच्छ घुमला आणि तडाही दिसला नाही. लांबटपणातला काही भाग जुना असावा आणि गंजलेल्या जागांनी त्यात भर घातली असावी, असे माझे मत आहे. दोन शू, दोन ठसे, दोन हिसके, हिशोब जुळतो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार (धनत्रयोदशी)

दिवाळीच्या आधी काम उरकावे म्हणून दोन्ही ड्रम ओळखीच्या एका लेथवर दिले. त्यांना दुकान बंद करण्याची घाई होती, मला गाडी जोडण्याची. दोन तासांत दोन्ही ड्रम १८१.०० मिमीला कापून मिळाले. आतला पट्टा आरशासारखा झाला आहे आणि मला फार समाधान वाटले. नव्या लायनरचे शू आणले.

३ नोव्हेंबर, रविवार (भाऊबीज)

गाडी जोडली. पेडलखालचे वर-खाली होणे पूर्ण थांबले. हिसका मात्र थांबला नाही. तो निम्म्यावर आला आहे आणि त्याची चालही बदलली आहे. आधी तो ठोके दिल्यासारखा होता; आता गाडी एकदा धरते, एकदा सोडते.

बहीण ओवाळायला आली होती, तरी तासभर वेळ काढून पुन्हा उतारावर खडूची रेघ ओढली. या वेळी मुलीच्या प्रत्येक दोन "खुणां"मध्ये माझा एकच "हं" आला. तिने विचारले, "बाबा, तुम्ही एक विसरताय का?" मी विसरत नव्हतो.

नवे लायनर अजून ड्रमवर नीट बसलेले नाहीत, हे एक कारण असू शकते. शंभर किमी गाडी फिरवून मग ठरवायचे.

९ नोव्हेंबर, शनिवार

१२० किमी झाले. एका फेऱ्यात एक हिसका कायम.

ड्रम पुन्हा काढला आणि अण्णांच्या ओट्यावर नेला. व्हर्निअर कोणत्याही दिशेने लावला तरी १८१.००च भरतात. ड्रम निर्विवाद गोल आहे. मग अण्णांनी बेअरिंगच्या आतल्या भोकात घट्ट बसेल असा एक दांडा शोधला, तो शिकंज्यात उभा आवळला, ड्रम बेअरिंगसकट त्यावर बसवला आणि डायल गेजची टोकणी आतल्या पट्ट्यावर टेकवून ड्रम सावकाश फिरवला. काटा अर्ध्या फेऱ्यात चढत गेला, उरलेल्या अर्ध्यात उतरत आला. चढ आणि उतार यांत ०.३० मिमीचा फरक. प्रत्येक फेऱ्याला एक चढ, एक उतार.

अण्णांनी काटा दोनदा फिरू दिला आणि म्हणाले, "बांगडी गोलच हाय वो सर. मनगट मधोमध नाही."

व्हर्निअर व्यास मोजतो. तो व्यास कोणत्या मध्याभोवती आहे हे त्याला कळत नाही. लेथवाल्यांनी ड्रम बाहेरच्या अंगाने चकमध्ये (लेथच्या पकडीत) पकडला असणार. ड्रमचे बाहेरचे अंग ओतीव असते, मशीनवर घेतलेले नसते, आणि त्याचा मध्य बेअरिंगच्या मध्याशी जुळेलच याची हमी कुणी देत नाही. चकच्या मध्याभोवती त्यांनी अचूक वर्तुळ कापले. गाडीत मात्र ड्रम बेअरिंगच्या मध्याभोवती फिरतो. दोन मध्यांत ०.१५ मिमीचे अंतर राहिले, त्याची दुप्पट काट्यावर दिसली. उजवा ड्रम त्याच पद्धतीने कापूनही त्यात फक्त ०.०६ भरले, हा निव्वळ योगायोग. त्यांना पूर्ण दोष देणार नाही, कारण "बेअरिंगच्या जागेवर धरून कापा" हे वाक्य मी बोललोच नव्हतो.

पेडल शांत का झाले, हे यातून मला प्रथमच नीट उमगले. ड्रम लांबट असताना त्याची अरुंद बाजू दोन्ही शूंना एकाच वेळी आत ढकलते, सिलिंडरमधले दोन्ही पिस्टन आत दबतात आणि ऑइल मागे फिरून पेडल उचलते; मग रुंद बाजू येते आणि पेडल खाली जाते. असे फेऱ्यात दोनदा. मध्य चुकलेला ड्रम एका शूला आत ढकलतो तेव्हा समोरच्या शूपासून तेवढाच दूर जातो, दोन्ही पिस्टन एकाच बाजूला सरकतात, ऑइलचा आकार जवळपास तेवढाच राहतो आणि पायाला काही कळत नाही. पण दोन शूंची पकड सारखी नसते. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच ओढून आणखी घट्ट दाबून घेतो, मागच्याला दूर लोटतो. म्हणून ड्रमची आत ढकलणारी बाजू पुढच्या शूकडे आली की ब्रेक धरतो आणि पलीकडे गेली की सोडतो, फेऱ्यात एकदा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करणारे एक वर्कशॉप अण्णांच्या माहितीतले आहे. तिथे गेलो तर टर्नरने ड्रम हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "बेअरिंग काढून आणलं नाही का?" तेव्हाच काम योग्य ठिकाणी आले हे कळले. त्यांनी दोन्ही बेअरिंग दाबून काढली, बेअरिंगच्या बैठकीत सरकून बसेल असा मँड्रेल (ड्रम मध्यावर धरणारा दांडा) आधी कापून घेतला, त्यावर ड्रम चढवला आणि हत्यार लावण्यापूर्वी गेज फिरवून आमचे ०.३० त्यांच्याही काट्यावर दाखवले.

१८१.०० च्या वर्तुळाचा मध्य ०.१५ ने सरकवायचा असेल तर नवे वर्तुळ किमान १८१.३० व्हावे लागते, त्याशिवाय जुन्या पट्ट्याची एक बाजू न कापता राहते. शेवटचा बारीक हात फिरवून १८१.३६ वर थांबलो. १८२ पर्यंत अजून ०.६४ शिल्लक आहे, तरी हा ड्रम तिसऱ्यांदा लेथ पाहणार नाही. पुढच्या वेळी नवाच घ्यायचा. उजव्या ड्रमवरून थोडी चर्चा झाली. तो चांगला असताना त्याचे लोखंड का घालवावे, असे मला वाटत होते. एकाच ॲक्सलचे दोन ड्रम एका मापाचे असावेत, असे टर्नरचे म्हणणे होते. त्यांचे ऐकले, उजवा १८१.३४ झाला. काढलेली बेअरिंग परत बसवण्यात काटकसर नसते, म्हणून चारही नवी घेतली.

निवडणुकीच्या प्रशिक्षणामुळे आणि २० तारखेच्या मतदान केंद्रावरील कामामुळे या आठवड्यात गाडीला हात लावता येणार नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

ड्रम जोडण्याआधी दांड्यावर बसवून पाहिला. काटा ०.०३ मिमी हलला. अण्णांनी गेज डबीत ठेवून दिला.

जोडून, ब्रेकची हवा काढून पहाटेच्या त्याच उतारावर गाडी सोडली. मुलगी शेजारून चालत "खूण", "खूण", "खूण" म्हणत राहिली आणि मला म्हणण्यासारखे काहीही नव्हते. हँडब्रेकच्या चाचणीतही दांडा ओढत नेला तेवढी गाडी एका दमात थांबली.

८ डिसेंबर, रविवार

३१० किमीनंतर डावा ड्रम फक्त पाहण्यासाठी उघडला. लायनरचा मधला सुमारे दोन तृतीयांश भाग ड्रमला लागून गुळगुळीत झाला आहे, दोन्ही टोके अजून कोरी आहेत. शू नव्या ड्रमच्या मापाचे, म्हणजे ९० मिमी त्रिज्येचे असतात आणि आमच्या ड्रमची त्रिज्या आता ९०.६८ आहे, तेव्हा मध्य आधी लागणार आणि टोके झिजत-झिजत नंतर लागणार, हे अपेक्षितच होते. तोवर हँडब्रेक एक खटका अधिक घेतो. स्टॅबिलायझर रॉडचे बुश जानेवारीत, गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा झाल्यावर बदलायचे आहेत.

गाडी चार दिवसांहून अधिक उभी राहणार असेल तर ती पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकाला वीट लावायची आणि हँडब्रेक सोडून ठेवायचा, असे घरात ठरले आहे. वडिलांना ते मान्य नाही. हँडब्रेक ओढल्याशिवाय गाडीतून उतरू नये, हे त्यांनीच मला १९९८ साली शिकवले होते. रात्री फाटक लावायला गेलो तेव्हा दांडा पाच खटके वर होता. सोडला, विटा लावल्या.